आधी खर्च, मग निम्मा परतावा: अमेरिकेतल्या अन्नमदतीबरोबर येणारं नोकरीचं प्रशिक्षण

२०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लाखो घरांमध्ये किराण्याचं कार्ड वेळेवर भरलं गेलं नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कामकाज १ ऑक्टोबरपासून ठप्प होतं आणि अन्नमदतीचे पैसे कुठून काढायचे यावर कोर्टकज्जे चालू होते. १२ नोव्हेंबरला कोंडी फुटेपर्यंत कुठल्या राज्यात पूर्ण रक्कम, कुठे अर्धवट, कुठे काहीच नाही अशी स्थिती होती. त्या बातम्यांच्या गर्दीत त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट झाकली गेली. अन्नमदत घेणाऱ्यांसाठी कामाची अट कडक झाली आणि ती आता ६४ वर्षांपर्यंतच्या माणसांना लागू झाली. नियम थोडक्यात असा: काम करा किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षणाला जा, दोन्ही नसेल तर तीन महिन्यांनंतर मदत बंद.

हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न साहजिक आहे. ते प्रशिक्षण देतं कोण, आणि त्याचे पैसे कोण भरतं? बऱ्याच ठिकाणी ते देतात कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांचे आणि छोटे कोर्स चालवणारी स्थानिक सरकारी कॉलेजं) आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्था. पैसेही आधी त्याच खर्च करतात, आणि फेडरल सरकार नंतर त्यातला निम्मा खर्च परत करतं. ही व्यवस्था अमेरिकेत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही फारशी माहीत नसते. पण नव्या अटीमुळे ज्यांच्या घरातला किराणा पणाला लागलाय, त्यांच्यासाठी ती अतिशय महत्त्वाची आहे.

आधी मूळ योजना

अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्न विकत घेण्यासाठी जी सरकारी मदत मिळते तिला स्नॅप म्हणतात. जुनं नाव फूड स्टॅम्प. १९६४ साली कायदा झाला, २००८ साली नाव बदललं. आपल्याकडच्या रेशनसारखं इथे ठरावीक दुकानातून धान्य मिळत नाही. दर महिन्याला एका कार्डावर पैसे जमा होतात आणि ते कार्ड किराणा दुकानात डेबिट कार्डासारखं चालतं. फक्त खाण्याच्या वस्तूंसाठीच. साबण, औषध, डायपर त्यावर घेता येत नाहीत.

२०२४च्या आर्थिक वर्षात दर महिन्याला सरासरी ४ कोटी १७ लाख माणसं या मदतीवर होती. माणशी महिन्याला साधारण १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. त्यात मुलं आणि वृद्ध मोठ्या संख्येनं आहेत, हे पुढच्या आकडेमोडीसाठी लक्षात ठेवा.

योजना फेडरल कृषी खात्याची आहे, पण कार्यालयं चालवतात राज्य सरकारं. अर्ज घेणं, उत्पन्न तपासणं, मदत चालू किंवा बंद करणं हे सगळं राज्याचे, काही राज्यांत जिल्ह्याचे, कर्मचारी करतात. आजवर अन्नाचा पूर्ण पैसा फेडरल तिजोरीतून आला आणि कार्यालयाचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. ही वाटणी आता बदलते आहे, त्याकडे शेवटी येऊ.

कामाची अट नेमकी कुणाला

१९९६ साली कल्याणकारी योजनांचा मोठा कायदा झाला. त्यात ठरलं की १८ ते ४९ वर्षांची, धडधाकट आणि घरात १८ वर्षांखालचं मूल नसलेली व्यक्ती महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण करत नसेल, तर तिला ३६ महिन्यांत फक्त ३ महिने मदत मिळेल. २०२३च्या कायद्यानं ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं ५४ वर्षांपर्यंत नेली. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल ॲक्ट’नं ती ६४ वर्षांपर्यंत नेली आणि ज्यांचं सगळ्यात धाकटं मूल १४ किंवा जास्त वर्षांचं आहे अशा आईवडिलांनाही आत ओढलं. बेघर माणसं, माजी सैनिक आणि आईवडिलांपासून दूर सरकारी देखरेखीत वाढलेली तरुण मुलं यांना २०२३च्या कायद्यानं दिलेली सूटही काढून घेतली.

आणखी एक बदल बारीक वाटतो, पण परिणाम मोठा आहे. पूर्वी एखाद्या जिल्ह्यात पुरेशा नोकऱ्या नाहीत असं राज्यानं दाखवून दिलं, तर तिथे ही अट शिथिल करता यायची. आता अलास्का आणि हवाईच्या खास तरतुदी सोडल्या तर बेरोजगारी १० टक्क्यांहून जास्त असेल तरच अशी सवलत मिळते. इतकी बेरोजगारी फार थोड्या भागांत असते.

म्हणजे साठीला टेकलेला, वेअरहाऊसमधलं काम सुटलेला, इंग्रजी जेमतेम येणारा माणूस आता महिन्याला ८० तासांचा हिशेब द्यायला बांधील आहे. त्याला काम मिळेना, तर प्रशिक्षण हाच रस्ता.

प्रशिक्षणाच्या पैशाची दोन खाती

स्नॅपला जोडून रोजगार आणि प्रशिक्षणाची एक उपयोजना आहे. तिथले लोक तिला ‘ई अँड टी’ म्हणतात. १९८५च्या कायद्यानं ती आणली आणि प्रत्येक राज्याला ती चालवणं बंधनकारक आहे. तिच्यात फेडरल पैसा मुख्यतः दोन खात्यांतून येतो.

पहिलं खातं सरळ अनुदानाचं. फेडरल सरकार सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला १० कोटी ३९ लाख डॉलर वाटतं. २०१८च्या कृषी कायद्यानं ही रक्कम ठरवली, त्याआधी ती ९ कोटी होती. ऐकायला मोठी वाटते. पण स्नॅपवरच्या सगळ्या माणसांत वाटून पाहा: वर्षाला माणशी जेमतेम अडीच डॉलर. मुलं आणि वृद्ध वगळून हिशेब केला तरी चित्र फारसं सुधारत नाही. वेल्डिंगचा किंवा नर्सिंग सहायकाचा कोर्स राहू द्या, महिनाभराच्या बसपासलाही हा पैसा पुरणार नाही.

दुसरं खातं परताव्याचं. राज्य सरकार, कॉलेज किंवा सामाजिक संस्था स्नॅपवरच्या माणसांच्या प्रशिक्षणावर स्वतःचा पैसा खर्च करत असेल, तर त्यातला निम्मा फेडरल सरकार परत देतं. या खात्याला वरची मर्यादा नाही. एक लाख खर्च केलेत तर पन्नास हजार, एक कोटी केलेत तर पन्नास लाख. अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या योजनांमध्ये अशी उघडी तरतूद विरळा आहे, आणि ती पुरती वापरली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेडिक्लेम भरलेल्या माणसाला हे लगेच कळेल

मेडिक्लेममध्ये दोन प्रकार असतात. कॅशलेस असेल तर रुग्णालय आणि विमा कंपनी परस्पर बघून घेतात. रिइम्बर्समेंट असेल तर बिल आधी आपण भरायचं, प्रत्येक पावती जपायची, फाइल लावायची आणि वाट बघायची. शिवाय पॉलिसीत को-पे असेल तर ठरलेला वाटा आपल्या खिशातूनच जातो. ई अँड टीचं दुसरं खातं म्हणजे पन्नास टक्के को-पे असलेलं रिइम्बर्समेंट. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत, त्यालाच ते उपयोगी पडतं.

आता हिशेब बघू. समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत. एक संस्था वर्षाला ४ लाख डॉलर खर्चून १०० जणांना प्रशिक्षण देते. त्यांतले ६० जण स्नॅपवर आहेत, तर त्यांच्या वाट्याचा खर्च झाला २ लाख ४० हजार. यातले ४० हजार संस्थेला दुसऱ्या एखाद्या फेडरल अनुदानातून मिळालेत. ते वजा करावे लागतात, कारण फेडरल पैसा दाखवून फेडरल पैसा मागता येत नाही. शहरांच्या विकासासाठीच्या ब्लॉक ग्रँटसारखे (ठोक अनुदानासारखे) एकदोन अपवाद आहेत, एवढंच. उरले २ लाख. परतावा १ लाख. काही राज्यं त्यातला थोडा भाग आपल्या कामासाठी ठेवून घेतात, तो जाऊन उरेल ते संस्थेच्या हाती.

मूळचे २ लाख कुठूनही आलेले चालतात: राज्याचा किंवा महापालिकेचा पैसा, एखाद्या फाउंडेशनची देणगी, लोकांनी दिलेल्या देणग्या, संस्थेच्या स्वतःच्या कॅफेची कमाई. पण ते प्रत्यक्ष खर्च झालेले असले पाहिजेत. स्वयंसेवकांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती खर्चात दाखवणं खासगी संस्थेला जमत नाही.

एका स्वयंपाकघरात हे कसं चालतं

सिॲटलमध्ये फेअरस्टार्ट नावाची संस्था आहे. बेघर झालेल्या, तुरुंगातून सुटलेल्या, व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांना हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं काम शिकवण्यासाठी ती अनेक वर्षं ओळखली जाते, आणि वॉशिंग्टन राज्याच्या ई अँड टी योजनेत तिनं काम केलेलं आहे. अशा स्वयंपाकघरात एखादी बाई शिकायला आली, तर कागदावर काय काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

पहिल्याच दिवशी तिच्यासमोर एक मार्गदर्शक बसतो. शिक्षण किती, आधी काय काम केलंय, राहायला कुठे आहे, लहान मूल असेल तर ते दिवसा कुणाकडे राहतं, हे सगळं विचारून लेखी आराखडा तयार होतो. २०१८च्या कायद्यानं असा मार्गदर्शक देणं सक्तीचं केलं. नुसतं ‘वर्ग अमुक वाजता’ सांगून माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, हा त्यामागचा विचार, आणि माझ्या मते या योजनेतली सगळ्यात शहाणी सुधारणा तीच आहे.

मग संस्था राज्याच्या कार्यालयाकडून खात्री करून घेते की ही बाई या महिन्यात स्नॅपवर आहे. ही खात्री महिन्यामहिन्याला करावी लागते, कारण एखाद्या महिन्यात तिची मदत कागदपत्रांअभावी बंद पडली तर त्या महिन्याचा खर्च परताव्यात धरता येत नाही.

तिला बसचं कार्ड लागतं. तेलकट फरशीवर न घसरणारे बूट लागतात. वॉशिंग्टन राज्यात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला फूड वर्कर कार्ड काढावं लागतं, त्याची १० डॉलर फी असते. हे खर्च ‘शिकणाऱ्याचे खर्च’ म्हणून वेगळे लिहिले जातात आणि त्यांचाही निम्मा परतावा मिळतो. मूल सांभाळण्याचा खर्चही यातच येतो. प्रत्येक वस्तूची पावती हवी आणि वस्तू मिळाल्याची तिची सही हवी.

शिकवणाऱ्या शेफचं काय? तो एकाच वर्गात स्नॅपवरच्या आणि स्नॅपवर नसलेल्या माणसांना शिकवतो. त्याच्या पगाराचा कोणता भाग परताव्यात धरायचा हे आधी ठरवून दिलेल्या पद्धतीनं काढावं लागतं, आणि त्यासाठी वेळेच्या नोंदी ठेवाव्या लागतात. वर्गाचं भाडं, वीज, हिशेबनिसाचा वेळ, सगळ्याची अशीच वाटणी. महिनाअखेरीला किंवा तिमाहीला हे सगळं एकत्र करून राज्याला बिल जातं. राज्य तपासतं, फेडरल सरकारकडे मागणी करतं आणि पैसे पुढे पाठवतं. तोवर शेफचा पगार, भाजीचं बिल आणि बूट संस्थेनं आपल्या खिशातून भरलेले असतात.

नोकरी लागल्यावर काम संपत नाही. पहिल्या महिन्यात बस चुकली, शिफ्ट बदलली, मूल आजारी पडलं की नोकरी हातची जाते. म्हणून नोकरी टिकवण्यासाठी किमान ३० आणि कमाल ९० दिवसांची मदत योजनेत धरलेली आहे.

वॉशिंग्टन राज्यानं रस्ता दाखवला

फेडरल राजधानी वॉशिंग्टन आणि पश्चिम किनाऱ्यावरचं वॉशिंग्टन राज्य यांत घोळ व्हायला नको. इथे राज्याबद्दल बोलतोय. २००५ साली तिथे सिॲटल परिसरात एक प्रयोग सुरू झाला. एक कम्युनिटी कॉलेज आणि काही सामाजिक संस्था यांना राज्यानं सांगितलं की तुम्ही जे प्रशिक्षण आधीच देताय, त्यात स्नॅपवरची माणसं किती आहेत ते मोजा आणि त्यांच्या खर्चाचं बिल आमच्याकडे पाठवा. पुढे राज्यातली सगळी ३४ कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजं त्यात आली.

या प्रयोगातली खरी युक्ती वेगळीच होती. जुन्या पद्धतीत स्नॅपचं कार्यालय माणसाला पत्र पाठवायचं, की अमुक ठिकाणी हजर राहा. ते पत्र कुणाला पोचायचं, कुणाला नाही, आणि पोचलेल्यालाही त्यात शिक्षेचा वास यायचा. नव्या पद्धतीत माणूस आधी कॉलेजात किंवा संस्थेत स्वतःच्या पायानं येतो, कारण त्याला वेल्डिंग किंवा हिशेब शिकायचा असतो. मग संस्था कार्यालयाला विचारते की हा आमच्या योजनेत बसतो का. याला तिथले लोक ‘रिव्हर्स रेफरल’ म्हणतात. शिकायला आलेला माणूस आणि धाडलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

‘फुकट खाणाऱ्यांवर आणखी खर्च कशाला?’

हा आक्षेप अमेरिकेत ऐकू येतो आणि आपल्या मराठी गप्पांतही येतो, म्हणून टाळत नाही. स्नॅपवरचे पुष्कळ कामकरी वयाचे लोक काम करतातच, पण त्यांचं काम तुटक असतं. हॉटेलात या आठवड्यात तीस तास, पुढच्या आठवड्यात बारा. बांधकामावर हिवाळ्यात सुट्टी. कमाई इतकी कमी आणि बेभरवशाची की किराणा निघत नाही. अशा माणसाला एखादं प्रमाणपत्र मिळून बारमाही नोकरी लागली, तर तो स्नॅपमधून स्वतःच बाहेर पडतो. आळस हा इथला मूळ रोग आहे असं मला वाटत नाही.

‘मग नुसती अट घाला, लोक आपोआप काम शोधतील’

हे करून पाहिलेलं आहे. व्हर्जिनिया राज्याच्या सरकारी नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अट लागू झालेल्या प्रौढांमध्ये स्नॅपवरच्यांचं प्रमाण ५३ टक्क्यांनी घटलं, पण नोकरी करणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं आढळलं नाही. म्हणजे अन्न गेलं आणि नोकरी आली नाही.

इथे कायद्यातली एक विसंगती सांगितलीच पाहिजे. अट घालणाऱ्या कायद्यानं प्रत्येक माणसाला प्रशिक्षणाची जागा देण्याचं बंधन राज्यांवर घातलेलं नाही. अटीखालच्या प्रत्येकाला जागा देऊ असं वचन देणाऱ्या राज्यांसाठी वर्षाला २ कोटी डॉलरचा वेगळा निधी आहे, पण वचन देणं ऐच्छिक आहे. बाकीच्या राज्यांत जवळपास प्रशिक्षण नसलं तरी ‘घड्याळ’ चालूच राहतं आणि तीन महिने संपतात. नुसती नोकरी शोधत राहिलं तरी भागत नाही, कारण ई अँड टीमधले नोकरी शोधण्याचे तास एकूण तासांच्या निम्म्याहून कमीच धरले जातात. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते. अट सक्तीची आणि ती पुरी करण्याची सोय ऐच्छिक.

‘प्रशिक्षणानं खरंच फरक पडतो का?’

प्रामाणिक उत्तर: सगळीकडे नाही. २०१४च्या कृषी कायद्यानं २० कोटी डॉलर देऊन कॅलिफोर्निया, डेलावेअर, जॉर्जिया, इलिनॉय, कॅन्सस, केंटकी, मिसिसिपी, व्हर्मॉन्ट, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या दहा राज्यांत प्रयोग केले आणि त्यांची शास्त्रशुद्ध तपासणी करून घेतली. निकाल राज्यागणिक वेगळे आले. सगळ्यांचीच कमाई वाढली असं दिसलं नाही.

पण म्हणून प्रशिक्षण व्यर्थ ठरत नाही. बायोडेटा कसा लिहावा याचा दोन तासांचा वर्ग आणि सहा महिन्यांचा नर्सिंग सहायकाचा कोर्स, दोन्ही सरकारी भाषेत ‘प्रशिक्षण’च असतात. जिथे स्थानिक कारखाने आणि रुग्णालयं कोणती माणसं घ्यायला तयार आहेत हे विचारून कोर्स आखला जातो आणि शिकणाऱ्याला बस, पाळणाघर, मार्गदर्शक मिळतो, तिथेच पैसा लावावा असं माझं मत आहे. राज्यांनी नुसते तास भरून घेण्यासाठी वर्ग उघडले तर ते ना माणसाच्या कामाचे, ना करदात्याच्या.

‘संस्था दुहेरी बिलं लावणार नाहीत कशावरून?’

तपासणी कडक आहे. तोच खर्च दोन ठिकाणी दाखवता येत नाही. इतर विद्यार्थ्यांकडून जेवढी फी घेतली जाते त्याहून जास्त स्नॅपवरच्या विद्यार्थ्यासाठी लावता येत नाही. आधीपासून चालू असलेल्या शिक्षणाचा सरकारी पैसा काढून घेऊन त्या जागी हा पैसा घालायलाही मनाई आहे. लेखापरीक्षणात पावती सापडली नाही तर घेतलेला परतावा परत करावा लागतो.

आणि नेमकी इथेच अडचण होते. हे सगळं सांभाळायला हिशेबनीस लागतो, संगणकाची व्यवस्था लागते आणि चार-सहा महिने पैसा अडकला तरी पगार थांबणार नाहीत इतकी गंगाजळी लागते. मोठ्या कॉलेजाकडे हे सगळं असतं. चर्चच्या तळघरात सोमाली किंवा मेक्सिकन बायकांना शिवण आणि इंग्रजी शिकवणाऱ्या तीन माणसांच्या संस्थेकडे नसतं. अट कडक झाल्यावर ज्यांचं अन्न तुटणार आहे ती माणसं मात्र बहुतेक वेळा त्या तळघरातच येतात, कारण तिथे त्यांची भाषा बोलली जाते. वरची मर्यादा नसलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोचत नाही तो असा.

यावर काही राज्यांत उपाय निघालाय. एखादी मोठी संस्था मध्यस्थ बनते. लहान संस्था शिकवण्याचं काम करतात. राज्याशी करार, बिलं, पात्रतेची तपासणी मध्यस्थ सांभाळते. दुसरा उपाय म्हणजे एखाद्या फाउंडेशननं किंवा शहरानं सुरुवातीला उसनवारीनं पैसा द्यायचा आणि परतावा आला की तो वळता करून घ्यायचा. हे दोन्ही उपाय राज्यांनी स्वतःहून पुढे न्यायला हवेत.

नव्या कायद्याचा धक्का कुठे बसतो

२०२५च्या कायद्यानं राज्यांच्या तिजोरीवर दोन भार टाकलेत. ऑक्टोबर २०२६पासून स्नॅप कार्यालयांच्या सर्वसाधारण खर्चातला राज्यांचा वाटा ५० वरून ७५ टक्क्यांवर जातो. आणि २०२८च्या आर्थिक वर्षापासून, म्हणजे ऑक्टोबर २०२७पासून, ज्या राज्यात मदतीची रक्कम ठरवताना होणाऱ्या चुकांचं प्रमाण ६ टक्के किंवा जास्त आहे, त्याला प्रत्यक्ष अन्नाच्या खर्चातलाही ५ ते १५ टक्के वाटा उचलावा लागेल.

ई अँड टीचा निम्मा परतावा कायद्याच्या वेगळ्या पोटकलमात आहे. कार्यालयीन खर्चाची वाटणी बदलणाऱ्या दुरुस्तीनं तो हलवलेला नाही. पण राज्याच्या कार्यालयातली माणसं तीच आहेत. तीच आता ६४ वर्षांपर्यंतच्या लोकांचे तास तपासणार, तीच चुकांचं प्रमाण खाली आणायला धावणार, आणि उरलेल्या वेळात तीच संस्थांची बिलं बघणार. बिलं रखडली की लहान संस्था आधी गळतात.

पोषणाचं शिक्षण देणारी स्नॅप-एड ही सोबतची योजना याच कायद्यानं बंद केली. त्यामुळे वस्तीत काम करणाऱ्या अनेक संस्थांचा एक आधार आधीच गेलाय.

मराठी माणसाचा यात संबंध कुठे येतो

एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना स्नॅप मिळत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या प्रौढांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, १८ वर्षांखालच्या मुलांना थांबावं लागत नाही. आईवडिलांना ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं असेल तर बोलावणाऱ्या मुलामुलीचं उत्पन्न सहसा हिशेबात धरलं जातं. नव्या कायद्यानं निर्वासितांची आणि आश्रय मिळालेल्यांची थेट पात्रताही काढली, ग्रीन कार्ड मिळेपर्यंत. थोडक्यात, बहुतेक मराठी कुटुंबांचा या मदतीशी लाभार्थी म्हणून संबंध येत नाही.

पण देणारे म्हणून येतो. सिॲटल, बे एरिया, न्यू जर्सी, शिकागो इथली मराठी माणसं फूड बँकेत शनिवारी डबे भरतात, स्थानिक संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर बसतात, कंपनीकडून देणगीत भर घालून घेतात. तुमची संस्था नोकरीचं प्रशिक्षण देत असेल, तर तुम्ही दिलेले आणि त्या प्रशिक्षणावर खर्च झालेले १०० डॉलर आणखी ५० डॉलर ओढून आणू शकतात. त्यासाठी संस्थेचा राज्याशी करार हवा आणि शिकणारा स्नॅपवर हवा.

मंडळाच्या बैठकीत विचारायचे प्रश्न सोपे आहेत. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण स्नॅपवर आहेत हे आपण मोजतो का? आपला कोणता पैसा फेडरल आहे आणि कोणता नाही? आपल्या राज्यात कुणी मध्यस्थ संस्था आहे का? राज्याच्या सामाजिक सेवा खात्यात ई अँड टी बघणारा अधिकारी असतो, त्याला फोन करून शेवटचं उत्तर मिळतं. फेडरल आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि प्रत्येक राज्याला आपला ई अँड टीचा आराखडा १५ ऑगस्टपर्यंत सादर करावा लागतो. त्यात नाव यायचं असेल तर बोलणी त्याआधी बरेच महिने, शक्यतो हिवाळ्यातच, सुरू करावी लागतात.